थंडावलेल्या बाजारातले घर

आपल्या व्यापारी कुटुंबांत तेजी-मंदीची चर्चा रोजचीच असते. तूर उतरली, सोने चढले, कापसाला उठाव नाही, हे आपण जेवताना पानावर बसूनही बोलतो. घराच्या बाबतीत मात्र ‘मंदी’ हा शब्द उच्चारण्यास सहसा कोणी धजत नाही. घराचा भाव वाढतच असतो, ही आपली पिढ्यानपिढ्यांची समजूत. गेली दोन वर्षे माझ्या माहेरचा, जुन्नरच्या पेठेतील वाडा विक्रीस काढलेला होता, आणि त्याच काळात माझा भाचा कॅनडातील ब्रॅम्प्टन या शहरात घेतलेल्या घराच्या हप्त्यांनी मेटाकुटीस आला होता. या दोन घरांच्या निमित्ताने, राहत्या घरांच्या फेरविक्रीचा बाजार थंडावतो म्हणजे नेमके काय घडते, हे मला फार जवळून पाहावयास मिळाले. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत एखादा कुलूपबंद वाडा नाही असे व्यापारी कुटुंब विरळाच सापडेल, म्हणून हा अनुभव वाचकांपुढे ठेवीत आहे.

जुन्नर हे मुळातच व्यापाऱ्यांचे गाव. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाटाने वर चढे आणि घाटमाथ्यावर जकात घेतली जाई. तेथला दगडी रांजण आजही पाहावयास मिळतो. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान केल्याची नोंद आहे. भुसार व्यापाऱ्यांची या गावातील वस्ती इतकी जुनी. १४९० मध्ये मलिक अहमदने येथूनच निजामशाहीचा कारभार सुरू केला आणि १४९४ मध्ये अहमदनगर वसवून राजधानी तिकडे हलविली. पुढे जुन्नरी कागदाने नाव कमावले. पेशव्यांच्या दप्तरात आणि व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत तो वापरला गेला. गिरणीचा कागद आला आणि तोही धंदा मागे पडला. हा सारा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की या गावातून व्यापार अनेकदा आला आणि अनेकदा गेला. प्रत्येक वेळी व्यापारी हलले, घरे मात्र जागच्या जागी राहिली. ज्या भांडवलाला पाय नसतात त्याचे मोल पेठेच्या नशिबाशी बांधलेले असते, हे जुन्नरच्या माणसाला तरी नव्याने सांगावयास नको.

आमचा वाडा आम्ही ‘वडिलोपार्जित’ म्हणत असू; वस्तुतः तो माझ्या वडिलांनी १९६४ साली स्वतःच्या कमाईतून विकत घेतला होता. मूळ मालकांनी आपली आडत पुण्यास हलविली, जुन्नरला राहणारे कोणी उरले नाही, आणि ९,५०० रुपयांस वाडा आमच्या वडिलांना मिळाला. त्या वेळचे खरेदीखत अजून आमच्यापाशी आहे. म्हणजे आमच्या कुटुंबाकडे ते घर फेरविक्रीनेच आले, आणि तेही विकणाऱ्याला गरज असताना व घेणारे मोजकेच असताना. खाली रस्त्याकडे तोंड असलेले दोन गाळे, मागे ओसरी आणि चौक, माजघरात भिंतीतले बळद, वर सागवानी तुळयांची माडी. एका गाळ्यात वडिलांचे कापडाचे दुकान होते. दुसरा गाळा आणि त्यामागची खोली भांड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे अडतीस वर्षांपासून भाड्याने होती. मंदिर चालत दोन मिनिटांवर. पूर्वी या एका गोष्टीमुळे पेठेतल्या घराला आमच्या समाजात वेगळा भाव मिळत असे. सकाळच्या दर्शनाला आणि चातुर्मासातल्या प्रवचनाला पायी जाता येणे, ही घरातील वडीलधाऱ्या मंडळींना मोठी सोय वाटे.

आई २०१९ मध्ये गेली. थोरले दादा त्याआधीच गावाबाहेर बांधलेल्या बंगल्यात राहावयास गेले होते. मधला भाऊ पुण्यात बिबवेवाडीला, धाकटा चिंचवडला, आणि मी लग्न होऊन मंचरला. वाड्याला कुलूप लागले. कुलूप लावलेले घर खर्च करीत नाही असे आपल्याला वाटते. परंतु दर उन्हाळ्यात कौले शाकारणे, पावसात भिजलेली भिंत सावरणे, घरपट्टी, विजेचे किमान बिल, उंदीर आणि वाळवी, या सर्वांचा हिशेब मधल्या भावाने एकदा मांडला तेव्हा तो वर्षाला चाळीस हजार रुपयांच्या घरात गेला. भाड्याचे उत्पन्न जुन्या दराचे. ते त्या खर्चाच्या पासंगालाही पुरत नव्हते.

विकावयाचे ठरले, पण कोणत्या भावाने? २०१४ च्या सुमारास आमच्याच आळीतील एक वाडा पासष्ट लाखांना गेला असे सर्वजण सांगत. त्यात किती गाळे होते, ते रिकामे होते की भाडेकरूंसह, खरेदीखतात आकडा कोणता लिहिला होता, हे सांगणारा मात्र कोणीच नव्हता. तरी तो पासष्टचा आकडा आमच्या घरात येऊन बसला. दादांनी त्यावर दहा वर्षांची वाढ चढवली आणि ‘ऐंशीच्या खाली बोलायचे नाही’ असे ठरविले. दादा व्यवहाराला कच्चे नव्हेत. चाळीस वर्षे त्यांनी कापड विकले. हंगाम सरला की राहिलेला माल पडत्या भावाने काढून मोकळे होण्यात त्यांचा हातखंडा. परंतु घराचा विषय निघाला की त्यांच्यातला व्यापारी बाजूला होई आणि थोरला मुलगा बोलू लागे. हे मी दोषाने सांगत नाही. आपल्या बहुतेक घरांत असेच घडते.

मंचरच्या आमच्या दुकानात बसून मी रोज शेतकऱ्यांचे बोलणे ऐकते. त्यावरून मला एक गोष्ट उमगली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो येतो, तेव्हा त्याला थांबता येत नाही. २०२३ च्या जुलैत वीस किलोच्या क्रेटला २,००० रुपयांहून अधिक भाव मिळाला आणि पुढे काही आठवड्यांतच तो कोसळला. पण चढत्या भावात काय आणि पडत्या भावात काय, त्या दिवसाचा माल त्याच दिवशी विकला गेला. नाशवंत मालाच्या बाजारात मंदी आली की भाव पडतो. कांद्याचे तसे नाही. तो बराखीत राहतो. शेतकरी भावाची वाट पाहतो, कधी ती फळते, कधी खालचा थर सडू लागतो आणि निवडून फेकण्याची मजुरीही अंगावर येते. घराचा बाजार कांद्याच्याही पुढचा. तेथे मंदी आली की आधी भाव पडत नाही. आधी गिऱ्हाईक येईनासे होते. सांगितलेला भाव जिथल्या तिथे राहतो आणि व्यवहार थांबतात. म्हणून मालकाला वाटते, ‘भाव तर टिकून आहे.’ ज्या भावाने कोणी घेत नाही तो भाव टिकला काय आणि न टिकला काय, हे धान्याच्या बाबतीत आपल्याला लगेच कळते. घराच्या बाबतीत कळावयास वर्षे जातात.

पेठेतल्या घरांचे गिऱ्हाईक कमी होण्यास कारणेही सबळ आहेत. पुणे-नाशिक महामार्ग जुन्नर गावातून जात नाही. तो नारायणगाव, आळेफाटा असा जातो. मोठा व्यापार ट्रक जेथे उभा राहतो तेथे सरकला. आळेफाट्याला तर कल्याण-अहिल्यानगर रस्ताही येऊन मिळतो. पेठेत चारचाकी उभी करावयास जागा नाही. नव्या सुनांना स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि मोकळी हवा हवी, आणि ती अपेक्षा रास्तच आहे. तरुण मुले शिक्षणाच्या निमित्ताने पुण्याला गेली ती तेथेच स्थिरावली. त्यात जुन्या वाड्यांची कागदपत्रे गुंतागुंतीची: मिळकत पत्रिकेवर आजोबांचे नाव, वारस नोंदी अपुऱ्या, एखादा हिस्सेदार परगावी आणि एखादा रुसलेला. बँक अशा घरावर कर्ज देताना दहा वेळा विचार करते. कर्ज मिळत नाही म्हणजे रोख पैसे बाळगणाराच गिऱ्हाईक होऊ शकतो, आणि रोख पैसे बाळगणारा माणूस त्याच पैशांत महामार्गालगत नवी जागा पाहतो.

मधल्या काळात बाजार एकदा हललाही होता. करोनाच्या पहिल्या लाटेनंतर राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांची सवलत दिली. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर तेव्हा ४ टक्के होता. गृहकर्ज स्वस्त होते. नोंदणी कार्यालयांत गर्दी उसळली. आमच्या वाड्यालाही तेव्हा एक गिऱ्हाईक येऊन गेले. त्याने बावन्न लाख सांगितले. दादा ऐंशीवरून पंचाहत्तरवर आले आणि बोलणी थांबली. मे २०२२ पासून रेपो दर चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेला. त्यानंतरच्या दोन वर्षांत वाडा पाहावयास आलेल्यांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

याच वेळी तिकडे भाच्याचे घर अडचणीत होते. तो संगणक अभियंता. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये त्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये १०,५०,००० डॉलरला एक दुमजली घर घेतले. ते घरही नवे नव्हते, फेरविक्रीचेच होते. तो महिना कॅनडाच्या घरबाजाराच्या तेजीचा कळस ठरला. टोरांटो परिसरातील घरांची सरासरी किंमत त्या महिन्यात १३ लाख डॉलरच्या वर होती आणि साऱ्या देशाची सरासरी ८ लाख १६ हजारांच्या आसपास. त्याच्या पुढच्याच महिन्यात, २ मार्च २०२२ रोजी, तेथील मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढविण्यास प्रारंभ केला. पाव टक्क्यावर असलेला दर जुलै २०२३ मध्ये ५ टक्क्यांवर पोहोचला. भाच्याने ८,४०,००० डॉलरचे कर्ज बदलत्या व्याजाने घेतले होते. दीड टक्क्याच्या हिशेबाने महिना सुमारे ३,३६० डॉलरचा हप्ता होता. तो दीड वर्षात ५,४०० च्या पुढे गेला.

तेथील व्यवस्था आपल्याहून वेगळी आहे. कर्जाची एकूण मुदत पंचवीस-तीस वर्षांची असली तरी व्याजाचा करार बहुधा पाच वर्षांचा असतो. तो संपला की त्या वेळच्या दराने नवा करार करावा लागतो. म्हणून तेथे व्याज वाढले की त्याची झळ घराघरांत पोहोचते. शिवाय घर विकले गेले की किंमत नोंदली जाते आणि दर महिन्याला सरासरी, विक्रीस आलेली घरे आणि प्रत्यक्ष विकलेली घरे यांचे आकडे जाहीर होतात. मंदी आली हे तेथे झाकून राहत नाही. परदेशी लोकांना घरखरेदीस १ जानेवारी २०२३ पासून मनाई झाली. जानेवारी २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आली. ब्रॅम्प्टनमधील अनेक कुटुंबे तळघरात विद्यार्थी भाडेकरू ठेवून हप्त्याला हातभार लावीत. तो आधारही कमी झाला. जून २०२४ पासून व्याजदर उतरू लागले तरी गिऱ्हाईक लगेच परतले नाही. २०२५ मध्ये देशाची सरासरी ७ लाखांच्या आत आणि टोरांटोची साडेदहा-अकरा लाखांच्या घरात रेंगाळत राहिली. भाच्याच्या घरासारखेच शेजारचे घर यंदा ८,२०,००० ला विकले गेले. म्हणजे त्याने स्वतःचे भरलेले २,१०,००० डॉलर कागदावर तरी पुसले गेले.

धाकट्या भावाची झोप उडाली. ‘वाडा विकू आणि पोराला पैसे पाठवू,’ असे त्याने ठरविले आणि सर्वांना मंचरला आमच्या घरी बोलावले. ते घर वाचविण्यासाठी हे घर विकावयाचे, आणि दोन्हीकडचा बाजार थंड, अशी ही अवस्था. बोलण्यात ताण होता. दादांचे म्हणणे, ‘पडत्या बाजारात घाईने विकणे म्हणजे लुटले जाणे. थांबा. पुणे-नाशिक रेल्वे झाली की पाहा.’ त्या रेल्वेच्या आशेवर आमच्या दोन्ही तालुक्यांत अनेकांनी जमिनी धरून ठेवल्या. मग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे मार्गाचाच प्रश्न उभा राहिला. मधला भाऊ म्हणाला, ‘आपण किती वर्षे थांबायचे, तेवढे एकदा ठरवू.’ धाकटा गप्प होता.

माझे सासरे त्या बैठकीत एका बाजूला बसून होते. त्यांचे बालपण मूळच्या आंबेगावात गेले. तालुक्याला ज्या गावाने नाव दिले ते आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या बांधकामांचे अवशेष उघडे पडतात. सासरे म्हणाले, ‘आमच्या घराला गिऱ्हाईक कधी आलंच नाही. सरकारने एक आकडा लिहिला, तो घेतला आणि निघालो. तुम्हाला निदान होय-नाही म्हणायला कोणी समोर येतंय.’ त्यांच्या बोलण्यात उपदेशाचा सूर नव्हता. पण दादांनी त्यानंतर ऐंशीचा आकडा पुन्हा काढला नाही.

त्याच रात्री भाच्याचा फोन आला. त्याच्या आईने त्याला सर्व सांगितले असावे. तो म्हणाला, ‘आत्या, माझ्यासाठी वाडा विकू नका. विकण्यासारखा झाला असेल तर विका, पण माझं कारण नको.’ मग त्याने स्वतःच हिशेब सांगितला. एका डॉलरला बासष्ट रुपये धरले आणि वाडा पन्नास लाखांना गेला असे मानले, तरी त्याच्या वडिलांच्या वाट्याला येणारे साडेबारा लाख म्हणजे सुमारे वीस हजार डॉलर. त्याच्या घराच्या किमतीतली घट दोन लाख तीस हजारांची. रुपयांत एक कोटी चाळीस लाखांहून अधिक. ‘एवढ्याने माझं घर वाचतही नाही आणि बुडतही नाही,’ तो म्हणाला. हप्ता आता उतरला आहे, नोकरी शाबूत आहे, मला येथेच राहावयाचे आहे, मग शेजाऱ्याचे घर कितीला गेले त्याने मला आज काय फरक पडतो, असा त्याचा प्रश्न होता. फरक पडेल तो फेब्रुवारी २०२७ मध्ये, कराराचे नूतनीकरण होईल तेव्हा. तोपर्यंत मुद्दल जेवढे कमी करता येईल तेवढे करावयाचे, असे त्याने ठरविले होते. राहण्यासाठी घेतलेले घर आणि विकण्यासाठी धरून ठेवलेले घर यांना मंदीचा अर्थ निरनिराळा असतो, हे त्या तरुण मुलाने आम्हां वडीलधाऱ्यांना सांगितले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाड्याकडे त्याच्या पुरते पाहू लागलो. कोणालाच तेथे राहावयाचे नव्हते. कर्ज नव्हते, म्हणून विकण्याची सक्ती नव्हती. आणि सक्ती नव्हती, म्हणूनच दहा वर्षे निघून गेली होती. मग खरे गिऱ्हाईक कोण, याचा विचार सुरू झाला. जुन्या घराचे गिऱ्हाईक बहुधा दूर नसते. भाडेकरू किंवा शेजारी हाच ते घर खऱ्या अर्थाने वापरू शकतो. भांड्यांच्या व्यापाऱ्यांना मुलासाठी दुसरा गाळा हवा होता आणि वर राहण्याची तयारी होती. त्यांच्याशी आजवर कोणी मोकळेपणाने बोललेच नव्हते. भाडेकरू म्हणजे विक्रीतील अडथळा, असेच सारे धरून चालले होते. त्यांनी बेचाळीस लाख सांगितले. चार वेळा बसून सेहेचाळीस लाखांवर सौदा ठरला आणि इसारपावती झाली.

येथे व्यापारी वाचकांसाठी एक-दोन गोष्टी नोंदवून ठेवते. बाजार थंड असतो तेव्हाही सरकारी रेडी रेकनरचे दर खाली येतीलच असे नाही. आपल्या राज्यात ते १ एप्रिल २०२५ पासून वाढले. सरकारी मूल्यांकनापेक्षा फार कमी किमतीत खरेदीखत झाले, तर प्राप्तिकरासाठी सरकारी किंमतच धरली जाते आणि विकणारा व घेणारा दोघांवरही कराचा बोजा येतो. १० टक्क्यांपर्यंतचा फरक मात्र कायदा मान्य करतो. आमच्या वाड्याचे मूल्यांकन प्रथम सत्तावन्न लाख निघाले. बांधकामाच्या वयाचा घसारा नीट धरल्यावर ते अठ्ठेचाळीस लाखांवर आले आणि व्यवहार मार्गी लागला.

दुसरी गोष्ट भांडवली नफ्याची. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा निर्देशांक लावून वीस टक्के, यांपैकी जो कर कमी होईल तो निवासी व्यक्तीस भरता येतो. १ एप्रिल २००१ ची आमच्या वाड्याची किंमत मूल्यांककाने बारा लाख काढली होती. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६; म्हणजे २००१ चे बारा लाख आजचे पंचेचाळीस लाख बारा हजार. विक्री सेहेचाळीस लाखांची. नफा उरला अठ्ठ्याऐंशी हजार, आणि त्यावर वीस टक्के कर, चौघांचा मिळून, सतरा हजार सहाशे रुपये. सनदी लेखापालांनी हा कागद पुढे ठेवला तेव्हा मधला भाऊ कर वाचला म्हणून आनंदला. दादा मात्र बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. ‘म्हणजे पंचवीस वर्षांत वाडा वाढलाच नाही,’ ते हळूच म्हणाले. महागाईबरोबर चालत राहिला, एवढेच त्याचे कर्तृत्व. आणि त्या चालण्याचा खर्च आम्ही दरवर्षी वेगळा भरीत होतो.

शेवटचा प्रश्न माझ्या सहीचा होता. मधल्या भावाच्या वकिलांनी रिवाजाप्रमाणे माझ्यासाठी हक्कसोडपत्राचा मसुदा पाठविला होता. वाडा वडिलांच्या स्वकमाईचा. १९५६ च्या कायद्याप्रमाणे मुलगी त्यात मुलांइतकीच वारस आहे. मी भावांना शांतपणे सांगितले, की मी चौथी विक्रेती म्हणून खरेदीखतावर सही करीन. दोन दिवस कोणाचाच फोन आला नाही. ते दोन दिवस मला जड गेले. माहेर म्हणजे केवळ हिस्सा नव्हे, हे मलाही कळते. तिसऱ्या दिवशी दादा स्वतः मंचरला आले. चहा घेताना म्हणाले, ‘तुझं नाव खतात असलेलं बरं. आईनेही हेच सांगितलं असतं.’ त्यावर आम्ही दोघेही अधिक काही बोललो नाही.

जुन्नरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदले गेले. प्रत्येकाच्या वाट्याला साडेअकरा लाख आले. धाकट्याने आपले पैसे भाच्याच्या नूतनीकरणासाठी ठेव म्हणून राखले. मी माझे माझ्या नावे ठेवले. माडीवरच्या वडिलांच्या जुन्या चोपड्या दादा घेऊन गेले.

ज्या वाचकांच्या घरी असा वाडा आहे, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. तो ठेवावयाचा की विकावयाचा, हे आधी ठरवावे, आणि मगच भावाचा विचार करावा. ठेवावयाचा असेल तर तेथे कोणीतरी राहावे, किंवा तो नीट भाड्याने द्यावा. विकावयाचा असेल तर मिळकत पत्रिकेवरील वारस नोंदी आजच पूर्ण कराव्यात, बहिणींना पहिल्याच बैठकीस बोलवावे, आणि ऐकीव आकड्याऐवजी नोंदलेल्या खरेदीखतांतील आकडे पाहावेत. दिवाळीला सारी भावंडे एकत्र येतात. वर्षाच्या हिशेबाबरोबर वाड्याचाही एक कागद त्या वेळी पुढे ठेवावा, आणि त्यावर दरसालचा खर्च स्पष्ट लिहावा.